संगमेशचा डावा अंगठा

उदगीरच्या आपल्या कापड दुकानात घडी घालता घालता संगमेशचा डावा हात एकाएकी लुळा पडला. वय चाळिशीच्या जरा पुढं. लातूरच्या दवाखान्यातून तो चालता-फिरता घरी आला खरा, पण बोटं वळेनात. डॉक्टरांनी पिळायला दिलेला रबरी चेंडू दोन दिवसांत कपाटावर गेला.

भेटायला नांदेडहून बहीण आली, स्वप्नाली. तिनं जातीबाहेर लग्न केलं तेव्हा संगमेश लग्नाला गेला नव्हता. तेव्हापासून दोघांचं बोलणं सणावारापुरतं. तिच्या नवऱ्याचं, मार्तंडचं, नाव त्या घरात कुणी काढत नसे.

कपाटावरचा चेंडू तिनं पाहिला. भावाच्या मोबाइलमध्ये तिनं इम्युलेटर टाकला, म्हणजे टीव्हीला जोडायच्या जुन्या व्हिडिओ गेमचे खेळ मोबाइलवर चालवणारं ॲप. शाळा सुटली की दोघं ज्यावर तुटून पडत, तो रणगाड्यांचा खेळ लावून दिला.

"लेकरांचा खेळ हाय हा," संगमेश म्हणाला.

"अंगठ्याला काम पाहिजे म्हणलेत ना डॉक्टर? खेळ."

रणगाडा वळवायची बटणं नेमकी डाव्या बाजूला. काचेवर अंगठा घसरायचा, रणगाडा भिंतीला नाक लावून उभा राहायचा. संगमेश वैतागला, पण मोबाइल काही खाली ठेवीना. मग तिनं बाजारातून मोबाइलला जोडायचा रिमोट आणला. त्याची बटणं बोटाला जाणवत होती.

ती नांदेडला परतली तरी खेळ थांबला नाही. नेटवरून दोघांना एकत्र खेळता येत होतं. संध्याकाळी फोन स्पीकरवर टाकून दोघं बसत.

"अण्णा, माझ्यावरच काय गोळ्या घालून राहिलास?"

"मुद्दाम न्हाई. अंगठा उशिरा वळतो."

"लहानपणी पण मलाच घालायचास. तेव्हा काय वळत नव्हता?"

संगमेशला हसू आलं.

एका संध्याकाळी फोनवर पुरुषाचा आवाज आला. "मी मार्तंड. तिला ताप आहे. तुमचा सराव चुकू नये म्हणते. मला हे येत नाही, पण बसतो."

फोन ठेवावा असं एकदा संगमेशच्या मनात आलं. समोर मार्तंडचा रणगाडा जागच्या जागी गिरक्या घेत होता.

"गोळीचं बटण उजवीकडं हाय," तो अखेर म्हणाला. "आधी आपला तळ सांभाळा. पुढचं मी बघतो."

त्या दिवशी ते दुसऱ्या पातळीच्या पुढं गेले नाहीत. पुढं कधी स्वप्नाली बसे, कधी मार्तंड.

हात पुरता सुधारला नाही. सदऱ्याची बटणं आता तो स्वतः लावतो, हळूहळू. कापड मात्र दुसऱ्याला फाडायला सांगतो. दिवाळीत तो पहिल्यांदा नांदेडला बहिणीच्या घरी गेला. दार मार्तंडनं उघडलं. "या अण्णा," म्हणत त्यानं हातातली पिशवी घेतली, आणि संगमेशनं ती घेऊ दिली.