'पानी'तला न

चार जण एकच शब्द लिहायला बसले की किस्से साठणारच. आमच्याकडे तर भांडण एका अक्षराचं. न की ण!

शेणव्याच्या पुढे आमचं गाव. आम्ही चौघांनी एक ॲप बनवलं. पाण्याचा टँकर कुठल्या पाड्यावर पोचला ते फोनवर दिसतं. ओपन सोर्स, म्हणजे फुकट. कोणीही उघडून दुरुस्त करावं. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेला, म्हणून डॉक्युमेंटेशन, म्हणजे ॲप कसं वापरायचं ते लिहिणं, माझ्या गळ्यात.

नाव आमच्यातल्याच मंगलनं दिलं. ती वरच्या पाड्यावरची, शाळा सातवीत सुटलेली, कोडिंग मोबाइलवर शिकलेली. आम्ही भारी इंग्रजी नावं शोधत होतो. ती म्हणाली, "हसणार नाय ना? आमच्यात सगले येवढंच इचारतात, पानी आलं काय? तेच ठेवा ना!"

ठेवलं. त्या दिवसापासून ती मीटिंगमध्ये मोठ्यानं बोलायला लागली.

*

मी नियम केला: ॲप म्हणजे 'पानी', प्यायचं ते 'पाणी'. सगळीकडे असंच. आमच्या चौघांतल्या संदीपच्या एकाच पानावर पानी, पाणी, पानि आणि पाणि! विचारलं तर म्हणतो, "भावना पोचल्या ना भाई?"

मी ओरडलो तेव्हा त्यानं फाइंड-रिप्लेस मारलं, सगळे शब्द एका फटक्यात बदलले. प्यायचं पण 'पानी' झालं. धसईहून एका काकांचा फोन: "तुमी लिवलंय, पानी बंद पडल्यास फोन बंद करून चालू करा. तीनदा केला रे. नळाला काय येत नाय!"

पोट धरून हसलो. मग ते पान दुरुस्त करायला घेतलं. काकांनी खरंच तीनदा करून बघितलं होतं.

*

शहरातून एका सद्गृहस्थांनी न मागता ॲपच्या नावातले सगळे 'न' खोडून 'ण' करून पाठवले. वर शेरा: "ग्रामीण अशुद्धता टाळावी."

मी लिहिलं, "ही चूक नाही, नाव आहे. तुमचं पण दुरुस्त करून देऊ का?"

मंगलनं तो शेरा दोनदा वाचला. "बरोबरच हाय त्यांचं," म्हणाली.

*

आमचे वडील: "लाखाची फी बुडवून न आणि ण बघतोस?"

म्हटलं, "धरणाला जमीन देताना तुमी तर कागद पण नाय बघितला!"

ते चपला घालून बाहेर गेले. दुसरं करणार तरी काय ते?

*

गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये ॲप दाखवायचं होतं. गावातल्या थोरांनी हट्टानं निवृत्त गुरुजींना पाहुणे म्हणून बोलावलं. याच गुरुजींनी मंगलला सातवीत, 'पाणी' नीट म्हणेपर्यंत, वर्गासमोर उभी ठेवली होती. वर्ग हसला होता. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही.

पडद्यावर नाव बघून गुरुजी म्हणाले, "मंगल, अजून तेच गं? ऊठ. म्हण, पाणी."

हॉल हसला. तिचा बाप पण हसला. मी खुर्चीतून उठलो नाही.

ती उभी राहिली. "पाणी," म्हणाली. एकदम स्वच्छ.

"शाब्बास!" टाळ्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ॲपमध्ये केलेला बदल आला. सगळ्या पानांवर नाव 'पाणी'. एकही जागा सुटलेली नाही. इतकं चोख काम आमच्यात कोणालाच जमलं नव्हतं. सोबत दोन शब्द: "चुकी सुधारली."

शेवटच्या पानावर ॲप बनवणाऱ्या चौघांची यादी होती. त्या यादीत आता तीनच नावं होती.