संपतदादांचा शेट

आमची पोस्ट उत्तरेकडच्या बर्फात होती. माणसं नऊ. दोन फायबरच्या झोपड्या, एक संत्रीची जागा, एक रेडिओ सेट. सेटवर ऑपरेटर मी. नोकरीचं तिसरं वर्ष, वय बावीस. वडिलांचा भोरला छोटा छापखाना होता. मोर्च्यांची पत्रकं तिथं छापली जायची. त्यांतल्या चुका शोधत मी मोठा झालो, आणि त्याचा मला गर्व होता.

पोस्टवर माझ्या भागातला एकच माणूस होता. नाईक संपत, वेल्ह्याजवळच्या एका वाडीचे. सर्व्हिस चौदा वर्षं. सगळ्यांसमोर मी त्यांना ‘उस्ताद’ म्हणायचो, दोघंच असलो की ‘दादा’. ते मला भोरकर म्हणायचे.

दिवस ठरलेला. साडेपाचला बर्फ वितळवायला स्टोव्ह पेटायचा. सहाला खालच्या बेस कॅम्पशी पहिला रेडिओ चेक, मग दर तासाला एक. दादांना हवालदार व्हायला इंग्रजीचा पेपर पास करायचा होता. दोनदा नापास झाले होते. म्हणून दुपारच्या चहाला आम्ही रोज एक शब्द घ्यायचो.

एकदा ‘सेट’ घेतला. मी सांगत गेलो. रेडिओचा सेट. कपबश्यांचा सेट. सूर्य मावळतो तेही सेट. सिमेंट घट्ट होतं तेही. मोडलेलं हाड बसवणं, घड्याळाचा गजर लावणं, पीटीत दंडांचे तीन सेट मारणं.

“थांब, थांब,” दादा म्हणाले. “एकल्यानं एवडी कामं करायची? ह्याला रजा कोन देतं?”

“रजा नाही, दादा.”

“मग आपल्याच कंपनीतला दिसतोय हा शेट.”

ते सेटला ‘शेट’ म्हणायचे. सूर्य, सिमेंट, हाड, सगळं शेट. अर्थ मात्र सगळे वहीत नीट लिहिलेले, प्रत्येकापुढे घरचं एक उदाहरण.

एके दिवशी दहाच्या चेकला माझे हात स्टोव्हच्या कामात होते. हँडसेट दादांनी घेतला. “बेस, शेट ओके...” एवढं ते बोलले आणि मी मधेच म्हणालो, “शेट नाही दादा, सेट! चौदा वर्षं झाली, एक स येत नाही? म्हणा, स.”

हँडसेटचं बटण त्यांच्या मुठीत दाबलेलंच होतं. माझं वाक्य बेसवर आणि आजूबाजूच्या चारही पोस्टवर गेलं. त्यांनी बटण सोडलं तसा पलीकडून हशा आला. बेसचा ऑपरेटर साताऱ्याचा होता. तो म्हणाला, “मास्तर, शाळा भरली काय? ओव्हर.”

दादाही हसले. हँडसेट माझ्याकडे दिला. त्यानंतर अठरा दिवस ते रेडिओवर एक अक्षर बोलले नाहीत. चेकची वेळ झाली की म्हणायचे, “भोरकर, तूच बोल. तुजं चांगलं हाय.” चहाला वही निघेना. मी माफी मागितली नाही. एका उच्चारावरून माणसाची पायरी ठरवायची, ही सवय इंग्रज साहेब देश सोडून गेला तरी आपण सोडलेली नाही. तिच्याविरुद्ध मी भोरच्या चौकात भाषणं केली होती. पोस्टवर मीच तिचा हवालदार झालो.

एकोणिसाव्या दिवशी हवा साफ होती. सुभेदारसाहेब तिघांना घेऊन वरच्या पेट्रोलला गेले. आम्ही तिघं रॉकेल आणायला खाली निघालो. पोस्टवर दादा आणि एक संत्री राहिले. अकरा चाळीसला वरच्या उताराचा बर्फ सुटला. आवाज फार झाला नाही. माझे दोन्ही साथीदार कडेला फेकले गेले; एकाचा पाय मोडला. मी गाडला गेलो.

पुढचं मला साताऱ्याच्या त्या ऑपरेटरनं हॉस्पिटलमध्ये सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

दादांनी हँडसेट उचलला. “बेस, हितं बर्फ सुटलाय. तीन मानसं खाली. दोन दिसत्यात. भोरकराचा नुसता हात दिसतोय. हेलिकॉप्टर पायजे. जागा, पोस्टच्या खाली दोनशे मीटर, डाव्या अंगाला. पुन्यांदा सांगतो.” त्यांनी तीनदा सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

बेस म्हणाला, “पोस्टवरच थांबा. रेस्क्यू पार्टी निघाली आहे. ओव्हर.”

“पार्टी येस्तवर त्यो हात गार व्हईल. म्या चाललो. शेट संत्र्याकडं दिलाय. ओव्हर.”

बारा पाचला माझं तोंड मोकळं झालं. समोर दादांची बर्फ लागलेली दाढी होती. मी काहीतरी म्हणायला लागलो.

“बोलू नगं,” ते म्हणाले. “म्या सांगितलंय समदं.”

त्यांनी मला ओढून खडकाच्या आडोशाला बसवलं आणि पाय मोडलेल्याकडे वळले. त्यालाही आत ढकलत होते तेव्हा उतार दुसऱ्यांदा सुटला. आम्ही तिघं वाचलो. दादा दुपारी चारला सापडले.

माझ्या पायाची चार बोटं गेली. मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं. चालता यायला लागलं तसा वेल्ह्याची एसटी धरली. वाडीत दादांच्या घरी वहिनी अंगणात नाचणी पाखडत होत्या. सूप खाली ठेवून त्यांनी पलटणीचं पत्र आणलं. टाईप केलेलं, एकही चूक नसलेलं.

“लई जनांनी वाचून दावलं,” त्या म्हणाल्या. “चांगलंच हाय. पर ह्येच्यात त्ये कुटं दिसत न्हाईत. शेवटाला काय बोलले, भाऊजी?”

मी सांगितलं. बर्फ सुटलाय, तीन मानसं, डाव्या अंगाला, पुन्यांदा सांगतो. म्या चाललो, शेट संत्र्याकडं दिलाय. जसं बोलले तसं, एकही अक्षर न सुधारता.

वहिनींनी डोळे मिटले होते.

“व्हय,” मग म्हणाल्या. “ह्ये त्येच हायती. आनी येकदा सांगा.”