शंभरास एक

माझे सासरे निवृत्त झाले आणि आमच्या घाटकोपरच्या घरात रूळ आले. ते आणि मुलुंडला राहणारा त्यांचा शाळेपासूनचा मित्र, दोघांनाही आगगाड्यांचं वेड. मित्राच्या मुलाने जर्मनीहून खेळण्यातल्या गाडीचा संच आणला होता. त्याच रुळांवर आपल्याकडचे डबे चालवायचे, असं दोघांनी ठरवलं. मित्राने पुठ्ठ्याचे डबे करायला घेतले आणि दोन-तीन वर्षांत अख्खी मेल उभी केली. सत्त्याऐंशीस एक, म्हणजे खऱ्या डब्याच्या सत्त्याऐंशी पटीने लहान, त्या संचाचं जे प्रमाण होतं तेच.

बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मात्र चैन पडेना. "बाजूनं बरी दिसते गो," ते मला म्हणत, "समोरून बघितलं की डबा रुळाबाहेर लोंबतो. अरुंद मीटरगेजची वाटते."

आपले रूळ परदेशातल्यापेक्षा रुंद, हे मला तेव्हा कळलं. रुंद रूळ विकत मिळत नव्हते आणि हाताने करणं बाबांना जमेना.

मी अंधेरीत इमारतींची मॉडेलं बनवते. बिल्डरच्या ऑफिसात काचेखाली ठेवतात ना, ती. एका रविवारी कामातून उरलेली चिमुकली माणसं मी बाबांच्या फलाटावर उभी केली. ती डब्यापुढे अगदीच बुटकी दिसली, दाराच्या कडीला हात पोचेना.

"माझी माणसं शंभरास एक असतात," मी म्हटलं. "बाबा, रूळ रुंद होत नाहीत तर डबाच लहान करा ना."

त्यांनी पट्टी घेतली, पेपरच्या कोपऱ्यावर गुणाकार केला, परत केला. शंभर पटीने मोठे केले तर तेच रूळ जवळजवळ आपल्या रुंदीचे होत होते. फरक राहत होता तो खऱ्या रुळात बोटभर, आमच्यात दोन-तीन केसांएवढा.

"झकास!" ते ओरडले आणि लगेच मित्राला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"म्हणजे माझी गाडी भंगारात घालू?" मित्र म्हणाला. "तुला कळतंय का तू काय बोलतोयस?"

"तसं नाय रे..."

फोन कट झाला. नंतर बरेच आठवडे तो आला नाही. संध्याकाळी दारावरची बेल वाजली की बाबा मान वर करायचे.

तरी काम सुरू होतं. डब्याच्या बाजू मी आमच्या वर्कशॉपमधल्या लेझरवर कापून आणल्या. छतासाठी बाबांनी प्लास्टिकचा पाइप उभा चिरला, डब्याच्या टोकांना धक्के झेलणारे बफर म्हणून टाचण्यांची डोकी लावली. पहिल्या डब्याचं छत वाकडं झालं, दुसऱ्याचं गरम करून वाकवताना चुरगळलं. तिसरा चाकांवर उभा राहिला. इंजिनासाठी मोटर लावलेला सांगाडा हवा होता आणि जादा सांगाडा मित्राकडेच होता. बाबा मागायला तयार नव्हते.

शेवटी मीच त्या मित्राला, आमच्या काकांना, फोन केला. ते आले, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सांगाडा घेऊन. टेबलाला धरून, गुडघा सांभाळत खाली बसले, डोळे रुळांच्या पातळीला आणले आणि समोरून डबा बघत राहिले.

"आता आपली वाटते," ते म्हणाले. मग बाबांकडे वळून, "छत मात्र भिकार केलंयस."

मी चहा टाकायला आत गेले तोवर दोघांची भांडणं सुरू झाली होती. मला फार बरं वाटलं.

काकांनी आपली मेल मोडली नाही. ती त्यांच्या घरी अजून धावते. आमच्याकडे ते शंभरीचे डबे करू लागले. आम्ही डब्यांचे नकाशे इंटरनेटवर टाकले, तर कोलकात्याहून एका गृहस्थांचा निरोप आला. हेच प्रमाण ते कितीतरी आधीपासून एकटेच वापरत होते. सोबत फोटो होते आणि छतं अशी सफाईदार की बघत राहावं.

बाबा खुर्चीत बसून राहिले. "म्हणजे आपण पहिले नाय."

"मग काय झालं रे?" काका म्हणाले. "विचार त्याला, छत कसं वाकवतो."

बाबांनी फोन लावला. ते गृहस्थ आधी गांगरले, मग थांबेचनात. इतकी वर्षं हे ज्याला सांगावं असं कोणी भेटलंच नव्हतं, म्हणाले. पाइप उकळत्या पाण्यात किती वेळ धरायचा, बाहेर काढून कशावर दाबायचा, सगळं बंगाली वळणाच्या हिंदीत. बाबांनी त्यांना मालवणी वळणाच्या हिंदीत उलटे प्रश्न विचारले आणि काका मध्येच ओरडले, "पातेलं घे गं, पाणी ठेव!"