मांजरसुंब्याच्या उतारावर तिसरा ब्रेक

ऊन तापायच्या आत आम्ही चौसाळा सोडलं. पुढे मी, मागच्या सीटवर माझा नवरा सुधीर. दोन वर्षांपूर्वी त्याची दृष्टी गेली. त्यानंतरचा हा पहिलाच लांबचा प्रवास, जोडसायकलीवर, सोलापूरहून बीडला. भाकरी-ठेचा खाऊन स्वारी इतकी खुशीत होती की गाणी चालली होती. हॉटेलातल्या एका आजोबांनी मात्र आमची पार उतरवली होती. "दोगांत एकच सायकल कावून? दुसरी परवडली न्हाई?"

सायकलीची सगळी निवड माझी. दोघांचं वजन पेलायला चाळीस आऱ्यांची चाकं घेतली, टायर रुंद घेतले. ब्रेक मात्र नेहमीचे, रिमला दोन्हीकडून दाबणारे. लांब उतारासाठी मागच्या चाकाच्या मधोमध, हबमध्ये, तिसरा ड्रम ब्रेक हवाच, असं दुकानदाराने बजावलं होतं. तो यायला महिना लागणार होता आणि सुधीर रोज विचारत होता, कधी निघायचं. मी त्याला 'बसवला' म्हणून सांगून टाकलं. मराठवाडा म्हणजे सगळा सपाट, एवढंच माझं भूगोलाचं ज्ञान.

मांजरसुंब्याला घाट लागला. पहिल्या वळणावरून खालची शेतं दिसली, तेव्हा मी त्याला त्यांचं वर्णनही करून सांगितलं. दुसऱ्या वळणावर दोन्ही ब्रेक मुठीत आवळूनही सायकल आवरेना. जळक्या रबराचा वास आला.

"आता तिसरा लाव," सुधीर मागून शांतपणे म्हणाला.

मी तेच दोन ब्रेक आणखी दाबले.

"अगं, लाव ना."

तापलेल्या रिमवरचा मागचा टायर धाडकन फुटला. कठड्याच्या जरा अलीकडे आम्ही खडीवर फरफटत पडलो. त्याचं कोपर सोलवटलं. मी रिमला हात लावला आणि बोटं भाजून घेतली. दरी चार हातांवर होती. मला रडूही येईना.

मागून कडब्याची बैलगाडी आली. ऊसतोडीहून परतलेलं जोडपं होतं. बाईने पाणी दिलं. गाडीमागे दोराला बांधलेला जाड ओंडका रस्त्यावर घासत होता. गाडीवानाने आमची सायकल न्याहाळली.

"उताराला आमी मागं ओंडका बांधतो, न्हाई तर गाडी बैलांच्या अंगावर जाती. तुमच्या सायकलीला काय हाय?"

"तिसरा ब्रेक आहे," सुधीर म्हणाला. "मागच्या चाकाच्या मधोमध."

गाडीवान वाकला. चाक फिरवून त्याने नीट पाहिलं.

"न्हाई दादा. हितं काईच न्हाई."

सुधीरने मान माझ्याकडे वळवली.

त्यांनी सायकल कडब्यावर चढवली आणि आम्हाला बीडपर्यंत आणलं. बीडजवळच्या नारायणगडाचं ठरवलेलं दर्शन राहिलं. वाटेत मी दोनदा माफी मागितली. तो कोपरावरची खडी वेचत राहिला.

घरी आल्यावर ड्रम ब्रेक मागवला आणि बसवून घेतला. सुधीरला तसं सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि खाली बसून हब चाचपू लागला. आता बसण्याआधी दर वेळी तो ब्रेक, आरे, टायर, सगळं बोटांनी तपासतो. मी सायकल धरून उभी असते.