सांडलं

माझी आई बरीच वर्षं तेरखेड्यात फटाक्यांच्या शेडमध्ये सुतळी बॉम्ब वळायची. त्या शेडचा एक नियम होता. कुणाच्या हातून दारू सांडली, की त्यानं तिथल्या तिथं मोठ्यानं "सांडलं" म्हणायचं. सगळ्यांनी हात थांबवायचे, आणि सांडणाऱ्याला कुणीही रागवायचं नाही, अगदी मालकानंसुद्धा. रागावलं की पुढच्या वेळी माणूस सांडलेल्या दारूवर पायानं माती सारतो. "सांडल्यालं परवडतं," आई म्हणायची, "झाकल्यालं शेड घिऊन जातं."

मी फटाक्यांत गेले नाही. त्याच गावात पत्र्याच्या खोलीत बसून मी पुण्याच्या एका कंपनीसाठी कोड लिहिते, तोही ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी तळाचा, जिथं यंत्राशी थेट बोलावं लागतं. गेल्या वर्षी काम आलं ते लसींच्या फ्रीजला लावायच्या पेटीचं. फ्रीजच्या आत तापमान मोजणारा सेन्सर, बाहेर पेटीचा पडदा, आणि मधला निरोप्या म्हणजे आमचा कोड.

आधीच्या माणसानं या निरोप्याला खोटं बोलायला शिकवलं होतं. सेन्सरनं उत्तर दिलं नाही, तर त्यानं मागचाच आकडा पुढं करायचा. वायर तुटो, सेन्सर मरो, पडद्यावर आपले चार अंश. ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या चार अंशांवर विसंबून कुणी नर्सबाई वाया गेलेली लस भरणार होती आणि ती एखाद्या बाळाच्या मांडीत टोचणार होती.

मी तो भाग उपटून टाकला. सेन्सर गप्प बसला तर पेटीनं ओरडायचं, पडद्यावर "तापमान कळत नाही" असं लिहायचं, आणि कोडनं यंत्राकडून मेमरी वगैरे जे जे मागून घेतलंय ते उलट्या क्रमानं परत करायचं, शेवटी घेतलेलं सगळ्यात आधी. चूक झाली की कोड उडी मारून ज्या ओळीवर येतो, तिला एक नाव द्यावं लागतं. मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, सांडलं.

आमचे कंपनीतले सर व्हिडिओ कॉलवर आले तेच चिडून. पेटी गिऱ्हाइकासमोर बोंबलली तर ऑर्डर जाईल, जुनंच ठेव, नाहीतर हे काम दुसऱ्याला देतो, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. नोकरीची भीती मलाही वाटली, खोटं कशाला बोलू. मग ते समजुतीनं म्हणाले, "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीत दारू असली तर हात जातो, सर."

त्यांना आधी भलतीच दारू वाटली.

आमच्याच वाशी तालुक्यातल्या एका दवाखान्यात पेट्या दाखवायच्या होत्या. मी दोन नेल्या, एकीत जुना कोड, एकीत माझा. सरही पुण्याहून गाडी घेऊन आले होते. दोन्ही फ्रीजला लावल्या, दोन्हींवर चार अंश आले. मग मी कुणाला न विचारता दोन्ही सेन्सरच्या वायरी ओढून काढल्या आणि तिथल्या नर्सबाईंच्या हातात दिल्या. माझी पेटी कोकलायला लागली. सर घाईघाईनं म्हणाले, ती जरा बिघडलीय, ही दुसरी बघा.

नर्सबाईंनी दुसरीकडं पाहिलं, मग हातातल्या वायरीकडं. "ह्याची वायर तर माझ्या हातात हाय," त्या म्हणाल्या. "मग ह्यानं हे चार कुठून आणलं?"

सरांनी रुमाल काढून चष्मा पुसला.

परतताना गाडीत ते म्हणाले, तुझा कोड राहू दे, पण त्या ओळीचं नाव तेवढं बदल, सांडलं काय, पुण्यात लोक हसतील.

"हसू द्या," मी म्हणाले. "नाव बदलणार नाही. उद्या तुम्ही मला काढलंत, तरी माझ्या जागी येणाऱ्याला आधी त्याचा अर्थ विचारावा लागेल. तो तुम्हालाच सांगावा लागेल, सर."