कोर्टाच्या दारातला माणूस

बालाघाटच्या कोर्टात पक्षकारांची नावं पुकारणारा चपराशी मला माझ्या खटल्याच्या दर पेशीला भेटतो. तंबाखू मळता मळता तो अख्खी न्यायव्यवस्था समजावून सांगतो.

"खालचा जज परीक्षा देऊन येते. जबलपूर-दिल्लीच्या वरच्या कोर्टातला जज मोठे जजच पसंत करतेत. सोयरीकच समजा. सरकार फाईल दाबून जावयासारखं रुसते, अन् तुमाले-मले कोणी इचारत नाही."

परवा त्याच्याच वावराच्या खटल्याची पेशी होती. जजसाहेबांनी खूण करताच तो दारात आला. रिकाम्या व्हरांड्याकडे तोंड करून त्यानं स्वतःचंच नाव, बापाच्या नावासकट, खणखणीत आवाजात तीनदा पुकारलं. मग आत जाऊन हात जोडून उभा राहिला.

नंतर मी विचारलं, "तुमी तं तेथीच होते, मंग काहून पुकारलं?"

"वीस वर्षं त्याच दारात उभा आहो, भाऊ. पुकारल्याबिगर साहेबाले दिसतो का मी?"