गिअरची दांडी आणि माझा डावा पाय

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि गाडीच्या बाबतीत आपल्याला आता कुणी काही शिकवायचं राहिलेलं नाही, असं मला वाटत होतं.

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढं आयुष्यभर मालट्रक चालवला. सांगलीहून हळद, गूळ भरून कुठं कुठं गेलो, पण माझ्या गाडीला कधी ओरखडा नाही. मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीत, टेक्सासला अर्विंगमध्ये घर केलं आणि आम्हा नवरा-बायकोला बोलावून घेतलं. त्यानं हौसेनं एक जुनी अमेरिकन गाडी घेऊन ठेवली होती. मसल कार म्हणतात तिला. दोन दारं, लांबलचक नाक, पुढं सोफ्यासारखी अखंड सीट आणि इंजिन असं की ट्रकनं लाजावं. त्याला वेळ नव्हता, मग मीच ती रस्त्यावर आणली. वाणसामानाला, मंदिरात, मंडळीला घेऊन मीच जात असे. इथं पायी कुठं जाता येत नाही. चावी हातात असेल तर माणूस, नाहीतर पार्सल. कुणी उचलून न्यायचं, कुणी आणून ठेवायचं.

मुलानं आधीच बजावलं होतं, "आबा, एकदा जरी काही झालं ना, चावी माझ्याकडं. नो आर्ग्युमेंट."

गाडी ऑटोमॅटिक. म्हणजे क्लच नाही आणि गिअरची दांडी स्टिअरिंगखाली, एवढीशी काडी. चार वर्षं तशी चालवली, पण मनाला पटेना. खालून वर आलेली दांडी नाही ती गाडी कसली! मुलाच्या मागं लागून नवी दांडी मागवली. चकचकीत पोलादी, वर काळी मूठ, ऑटोमॅटिक असूनही गिअर हातानं चढवता येईल अशी.

मंडळी म्हणाली, "चालत्या गाड्याला खीळ घालू नका. बरं चाललंय ते बघवत नाही होय तुम्हाला?"

"तुला काय कळतंय त्यातलं!"

ती काडी उतरवली, गाडीच्या तळाला भोक पाडलं, दांडी आवळली, खाली पाठीवर झोपून केबल गिअरपेटीला जोडली. मूठ ओढली की प्रत्येक खाचेला खट्ट. मुलगा म्हणाला, "सॉलिड झालंय, आबा!" मी म्हटलं, "मग! हात कुणाचा आहे?"

रविवारी आम्ही दोघं किराणा आणायला निघालो. रुंद रस्ता, ऊन पडलेलं. पुढं मोकळं दिसलं म्हणून दाबली. इंजिनाचा आवाज चढला, हात दांडीवर गेला, मूठ ओढली.

आणि गाडी जागच्या जागी थांबली.

टायर किंचाळले. मंडळी पुढं आदळली, दोन्ही हात समोरच्या फळीवर. मागून एक पिकअप आला. आरशात त्याचं नुसतं नाकच दिसलं. तो ऐन वेळी बाजूच्या लेनमध्ये घुसला आणि हॉर्न दाबत निघून गेला. मला वाटलं, इंजिन अडकलं. गिअरपेटी गेली. नाहीतर आपण केबलच चुकीची जोडली.

खाली बघितलं. माझा डावा पाय ब्रेकवर होता. टाच उचललेली, सगळं वजन टाकून, ट्रकचा क्लच दाबावा तसा.

मी तो ठेवला नव्हता. शपथेवर सांगतो, मला ठाऊकच नव्हतं. चार वर्षं तो पाय गुपचूप पडून होता. हाताला दांडी लागली आणि त्याला वाटलं, गिअर टाकायचाय, क्लच दाबा. तिकडं दांडी डाव्या हाताला असायची, इथं उजव्या. पायाला त्याचंही काही नाही. ऑटोमॅटिकचा ब्रेक रुंद असतो, तो बरोबर त्याच्याखाली आला. त्याला उचलायचं म्हटलं तरी लगेच उचलेना. दुसऱ्याच कुणाचा पाय माझ्या विजारीत घातलाय असं वाटून अंगावर काटा आला.

मागं हॉर्न वाजायला लागले. कशीबशी गाडी कडेला घेतली.

"लागलं का गं?"

"नाही. दोन बांगड्या वाढल्या," ती म्हणाली आणि पायापाशी पडलेले काचेचे हिरवे तुकडे पदरात वेचायला लागली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

किराणा न घेताच परतलो. मुलगा दारातच होता. आईच्या मनगटावर रक्ताची रेघ त्याला आधी दिसली.

"आई, हे काय? आबा, व्हॉट हॅपन्ड?"

मी खिशातली चावी बाहेर काढत होतो, तेवढ्यात ती बोलली.

"खार आडवी आली रे. यांनी ब्रेक मारला म्हणून वाचली बिचारी."

लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, ही बाई देवाला निवदात साखर कमी पडली तर तेही कबूल करणारी. मुलगा खारींना शिव्या देत औषध आणायला आत गेला.

"अगं, खार कुठं होती?" मी हळूच विचारलं.

"पाय बघितला मी तुमचा." ती पदरातल्या काचा कागदावर काढत म्हणाली. "खार एकदाच आली. पुन्हा यायची नाही."

त्या रात्री मी जेवलो नाही, तरी ती जेवा म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी गाडीखाली शिरलो. दांडी काढली, केबल काढली, ती काडी होती तिथं परत बसवली आणि तळाच्या भोकावर पत्रा ठोकला. मग डावा पाय मुडपून मांडीखाली घेतला, ती शेजारी बसेपर्यंत थांबलो आणि तिला बांगड्या भरायला घेऊन गेलो.